आयत्या किल्लीचा इतिहास

'परवलीचा शब्द' या शब्दप्रयोगाला मराठीत दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. पहिला अर्थ पहारेकऱ्यांचा. रात्री छावणीपाशी किंवा किल्ल्याच्या दरवाजाशी कोणी आले की पहारेकरी त्याला हटकतो. येणाऱ्याने त्या रात्रीचा ठरलेला शब्द सांगितला तर तो आपला, नाही तर परका. हा शब्द मोजक्याच माणसांना ठाऊक असला पाहिजे, हे उघड आहे. दुसरा अर्थ वर्तमानपत्रांतला. 'पर्यावरण हा आजचा परवलीचा शब्द आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा तो शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी आहे असे सुचवायचे असते. जपून ठेवायचा शब्द तोच आणि सर्वांच्या तोंडी असलेला शब्दही तोच!

भाषेतली ही गंमत संगणकाच्या जगात मात्र फार महाग पडली आहे. पासवर्ड हा पहिल्या अर्थाने परवलीचा शब्द. पण माहितीचा साठा सांभाळणारी प्रणाली, म्हणजे डेटाबेस सर्व्हर, नव्याने बसवली जाई तेव्हा तिच्या मुख्य प्रशासकाचा पासवर्ड बहुधा कंपनीनेच घालून दिलेला असे. जगभर विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीला तो एकच असे आणि माहितीपुस्तिकेत छापलेलाही असे. म्हणजे तो दुसऱ्या अर्थाने परवलीचा शब्द झाला. संगणकाच्या भाषेत याला 'डिफॉल्ट पासवर्ड' म्हणतात. आपण त्याला 'आयता पासवर्ड' म्हणू. प्रणाली बसवल्याबरोबर तो बदलायचा असतो. काम दोन मिनिटांचे आहे. तरीही ते वर्षानुवर्षे असंख्य ठिकाणी झाले नाही. ते का झाले नाही आणि त्यावर शेवटी काय उपाय निघाला, हे या लेखात पाहू.

वारणेच्या खोऱ्यातली नोंद

आधी डेटाबेसचा प्रशासक म्हणजे नेमका कोण, हे समजून घेऊ. त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातले एक उदाहरण सोयीचे आहे. १९९८ मध्ये पन्हाळा तालुक्यातल्या वारणानगरच्या परिसरात 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली ७० गावे संगणकांनी जोडायची, अशी ती योजना होती. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून ती हाती घेतली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तांत्रिक बाजू सांभाळली. उसाची नोंद, तोडणीची परवानगी, काट्यावरचे वजन, बिलाची रक्कम या गोष्टींसाठी शेतकऱ्याला कारखान्यावर हेलपाटा घालावा लागू नये, गावातल्या केंद्रावरच ही माहिती मिळावी, हा त्यातला सर्वांत उपयोगी भाग होता. पुढे २००६-०७ च्या सुमारास काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसने हे काम करून पाहण्यात आले. गावातले साधन बदलले, पण मध्यवर्ती नोंदीचे महत्त्व तेच राहिले.

ऊस पिकवणाऱ्या घरातल्या मुलाला या नोंदीचे महत्त्व सांगावे लागत नाही. लागण कोणत्या तारखेची, क्षेत्र किती, जात कोणती, ऊस अडसाली की सुरू की खोडवा, यावर तोडणीचा क्रम ठरतो. टोळी लांबली तर उसाला तुरा येतो, वजन घटते आणि रानही वेळेवर मोकळे होत नाही. नोंदीतली एक तारीख पंधरा दिवस पुढेमागे झाली तरी एका कुटुंबाचे वर्षाचे गणित बिघडू शकते.

आता अशा माहितीसाठ्याकडे जाणाऱ्या माणसांचे प्रकार पाहा. शेतकरी आपली स्वतःची नोंद पाहू शकतो. केंद्रावरचा कर्मचारी नवी नोंद भरू शकतो. लेखा विभाग बिले काढू शकतो. या सर्वांच्या वर एक खाते असते, ते प्रशासकाचे. ते कोणतीही नोंद वाचू शकते, बदलू शकते आणि पुसू शकते. नवीन माणसांना आत घेऊ शकते, जुन्यांना बाहेर काढू शकते. महत्त्वाची गोष्ट अशी, की कोणी केव्हा काय बदलले याची जी टिपणवही सर्व्हर स्वतः ठेवतो, तीही बहुतेक वेळा या खात्याला पुसता येते. कागदी वहीत खाडाखोड केली तर ती दिसते. शाई वेगळी उमटते, बाजूला सही मागितली जाते. प्रशासकाच्या खात्यातून केलेल्या खाडाखोडीला शाईच नसते.

या खात्याचा पासवर्ड पुस्तिकेत छापलेला तोच राहिला, तर काय होईल? वारणेत असे काही घडले, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण जगात ते अनेक ठिकाणी घडले आणि त्याची सुरुवात संगणकापासून झालेली नाही.

लॉस ॲलमॉसच्या तिजोऱ्या

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत लॉस ॲलमॉस येथे अणुबाँबचे संशोधन चालू होते. तिथली गुप्त कागदपत्रे आकड्यांच्या कुलपांच्या कपाटांत आणि तिजोऱ्यांत ठेवलेली असत. तरुण भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना ही कुलपे उघडण्याचा नाद होता. युद्ध संपल्यावर एक भारी तिजोरी तिथल्या कुलूपदुरुस्ती करणाऱ्याने सहज उघडली, हे ऐकून फाइनमन थक्क झाले. त्याच्याशी ओळख वाढवून त्यांनी त्याचे रहस्य विचारले. रहस्य असे काही नव्हतेच! कुलपे कारखान्यातून निघताना २५-०-२५ किंवा ५०-२५-५० या आकड्यांवर लावलेली असतात, हे त्याला माहीत होते. त्याने ते आकडे लावून पाहिले आणि तिजोरी उघडली. मग फाइनमन स्वतः खोल्याखोल्यांतून हिंडले आणि हे दोन आकडे लावून पाहू लागले. साधारण पाचातली एक तिजोरी उघडली! १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी हे सांगितले आहे.

जगातल्या सर्वांत नाजूक गुपितांची ही अवस्था होती. तिजोरीचे पोलाद उत्तम होते, कुलूपही उत्तम होते. पण पोलाद किती जाड आहे याचा इथे काहीच उपयोग नव्हता.

हे गणिताने तपासून पाहू. इंग्रजीची २६ लहान अक्षरे वापरून आठ अक्षरी पासवर्ड करायचा, तर २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी शक्यता होतात. एका सेकंदाला हजार या वेगाने त्या तपासल्या, तर सगळ्या संपायला साडेसहा वर्षांहून अधिक काळ लागेल. पण पासवर्ड आयताच असेल, तर ही संख्या एकावर येते. शक्यतांचा डोंगर आहे तिथेच असतो, फक्त चोराला तो चढावा लागत नाही.

बदला, असे सांगणारा पासवर्ड

संगणकाला पासवर्डची गरज पडली ती तो अनेकांनी वाटून वापरायला सुरुवात केल्यावर. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने १९६१ मध्ये एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी व्यवस्था करून दाखवली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवायच्या, म्हणून तिथे पासवर्ड आला. माणसे पासवर्ड कसे निवडतात, याचा प्रसिद्ध अभ्यास १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन या दोघांनी मांडला. त्यांनी जमवलेल्या ३,२८९ पासवर्डपैकी २,८३१, म्हणजे ८६ टक्के, इतके आखूड किंवा इतके सरधोपट होते, की ते सहज शोधता आले.

हे पासवर्ड निदान ज्याने त्याने निवडलेले तरी होते. आयत्या पासवर्डात तेवढीही तसदी नव्हती. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीचे व्हॅक्स संगणक त्या काळात विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत सर्रास असत. त्यांवर 'सिस्टिम' नावाच्या खात्याला 'मॅनेजर' हा पासवर्ड आणि दुरुस्तीला येणाऱ्या अभियंत्याच्या 'फील्ड' या खात्याला 'सर्व्हिस' हा पासवर्ड आधीच घातलेला असे. १९८६ मध्ये बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करणारे खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टॉल यांना संगणकाच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आढळली. तिचा माग काढता काढता ते एका जर्मन घुसखोरापर्यंत पोहोचले. या माणसाने सुमारे ४५० संगणकांवर प्रयत्न केले आणि तीसहून अधिक संगणकांत तो शिरला. त्याची हत्यारे बव्हंशी साधी होती. सहज सुचणारी नावे आणि आयते पासवर्ड तो चिकाटीने एकामागून एक लावून पाहत असे.

ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेच्या जाळ्यात एक 'वर्म' शिरला. वर्म म्हणजे आपोआप एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरणारा प्रोग्रॅम. तोही अशाच आयत्या आणि सोप्या पासवर्डांच्या आधारे पसरत होता. पण आत शिरल्यावर सुरुवातीलाच तो काय करी? जाळ्यासाठी असलेल्या आयत्या खात्याचा पासवर्ड बदलून तिथे निदान १२ अक्षरांचा, कशाचाच अर्थ न लागणारा पासवर्ड घालून टाकी! घरमालकाने जे काम केले नव्हते, ते चोराने आत आल्याबरोबर उरकले.

डेटाबेसच्या दुनियेत ओरॅकल ही मोठी कंपनी. तिच्या प्रणालीत सरावासाठी 'स्कॉट' नावाचे खाते असे आणि त्याचा पासवर्ड 'टायगर'. ब्रूस स्कॉट हे कंपनीच्या सुरुवातीच्या दिवसांतले प्रोग्रॅमर आणि टायगर हे त्यांच्या घरच्या मांजराचे नाव. जगभरच्या संगणकाच्या विद्यार्थ्यांनी हे मांजर पाठ केले. पण सर्वाधिकार असलेल्या 'सिस' या खात्याचा आयता पासवर्ड याहून बोलका होता. तो होता 'चेंज ऑन इन्स्टॉल', म्हणजे 'बसवताना बदला'. सूचना हाच पासवर्ड! तो टाइप करणाऱ्याच्या बोटांनाच ती सूचना कळावी, अशी कल्पना असावी. लोकांनी तोही तसाच ठेवला. अखेर २००७ च्या आवृत्तीत, कोणकोणत्या खात्यांचे पासवर्ड अजून आयतेच आहेत याची यादी काढून देणारी सोयच कंपनीला द्यावी लागली.

'आमचा सर्व्हर घरातलाच आहे'

यावर हमखास येणारे उत्तर असे: 'आमचा सर्व्हर लोकल आहे. याच खोलीत, याच टेबलावर. बाहेरचा कोण येणार?'

इथे 'लोकल' या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. सर्व्हर म्हणजे कोणी हाक मारते का, याकडे कान लावून बसलेला प्रोग्रॅम. त्याने फक्त स्वतःच्याच यंत्रावरची हाक ऐकावी, अशी व्यवस्था करता येते. त्यासाठी १२७.०.०.१ हा खास पत्ता राखलेला आहे. या पत्त्यावर बोलणे म्हणजे संगणकाने स्वतःशीच बोलणे. पण तोच सर्व्हर सगळ्या बाजूंची हाक ऐकेल अशीही व्यवस्था करता येते आणि कित्येकदा तीच आयती केलेली असते. यंत्र टेबलावरून हललेले नसते. फक्त मध्यंतरी कोणीतरी त्याला शेजारच्या खोलीतल्या संगणकाशी जोडतो, मग इंटरनेटची जोडणी येते आणि लोकल सर्व्हर कोणाच्याही लक्षात न येता जगाच्या वेशीवर जाऊन उभा राहतो.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'एसए' हे प्रशासकाचे खाते. त्याचा पासवर्ड पूर्वी चक्क रिकामा ठेवता येत असे. मे २००२ मध्ये रिकाम्या पासवर्डाचे असे सर्व्हर हुडकून काढणारा वर्म जगभर पसरला. मायएसक्यूएल या लोकप्रिय आणि फुकट मिळणाऱ्या डेटाबेसमध्ये प्रशासकाला 'रूट' म्हणतात आणि त्याचाही पासवर्ड सुरुवातीला रिकामाच असे. जानेवारी २००५ मध्ये विंडोजवरच्या अशा सर्व्हरांवर सोपे पासवर्ड लावून पाहणारा प्रोग्रॅम पसरला. जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबी या डेटाबेसचे पासवर्डच न घातलेले हजारो साठे इंटरनेटवर उघडे सापडले. ते पुसून टाकून त्यांच्या जागी खंडणीची चिठ्ठी ठेवण्यात आली. या मालकांपैकी कित्येकांना आपला सर्व्हर बाहेरून दिसतो, याची कल्पनाही नसणार.

सर्व्हर खरोखरच एकाच यंत्रापुरता असला तरी प्रश्न संपत नाही. त्या यंत्रासमोर बसणारा कोणीही आणि पेन-ड्राइव्हमधून आलेला कोणताही लबाड प्रोग्रॅम हा 'घरातलाच' असतो.

उपदेश थांबला आणि रचना बदलली

इतके सगळे होऊनही लोक पासवर्ड का बदलत नाहीत? त्यांना आळशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. कारणे तीन दिसतात. पहिले असे, की हे काम तिघांच्या मध्ये पडते. बनवणाऱ्या कंपनीला वाटते, बसवणारा बदलेल. बसवून देणाऱ्या माणसाला वाटते, वापरणारे आपल्या सोयीने बदलतील. वापरणाऱ्याला वाटते, तज्ज्ञ माणसाने बसवले आहे, त्याने बदललेच असेल. दुसरे कारण, बदलल्यावर काही तरी बंद पडते. कार्यालयातला प्रोग्रॅम डेटाबेसशी बोलताना बहुधा तोच पासवर्ड वापरत असतो आणि तो त्याच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवलेला असतो. सर्व्हरवर बदलला आणि त्या फाइलमध्ये बदलला नाही, की सकाळी काम ठप्प! एकदा असे झाले, की पुन्हा कोणी हात लावत नाही. तिसरे कारण विसरण्याची भीती. आयता पासवर्ड पुस्तिकेत तरी सापडतो.

ही तिन्ही कारणे माणसाच्या स्वभावात मुरलेली आहेत. म्हणून नुसत्या उपदेशाने फरक पडला नाही. फरक पडला तो यंत्राची रचना बदलल्यावर. २०१५ च्या मायएसक्यूएल ५.७ पासून सर्व्हर पहिल्यांदा सुरू करताना तो स्वतःच एक वेडावाकडा तात्पुरता पासवर्ड तयार करतो. तो प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो आणि शिवाय 'मुदत संपलेला' असतो. त्याने आत गेलात तरी सर्व्हर दुसरे कोणतेही काम करू देत नाही. आधी पासवर्ड बदला, मग बोला! जे काम 'बसवताना बदला' या शब्दांनी साधले नव्हते, ते या अडवणुकीने साधले.

कायद्यानेही हीच दिशा धरली. २०१६ मध्ये कॅमेरे आणि राउटर यांसारख्या लाखो उपकरणांत 'मिराई' नावाचा प्रोग्रॅम शिरला. त्याच्याजवळ आयत्या नावांच्या आणि पासवर्डांच्या साठहून थोड्याच अधिक जोड्या होत्या. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या उपकरणांच्या फौजेने अमेरिकेतल्या अनेक मोठ्या संकेतस्थळांचा रस्ता अडवला. १ जानेवारी २०२० पासून कॅलिफोर्निया राज्यात आणि २९ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये, इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांना सरसकट एकच आयता पासवर्ड घालून विकण्यास कायद्याने बंदी आली. हे कायदे उपकरणांपुरते आहेत. डेटाबेसची जबाबदारी अजूनही मुख्यतः तो चालवणाऱ्याचीच आहे. त्यातच जुन्या आवृत्त्या आजही ठिकठिकाणी चालू आहेत आणि सरावासाठी मिळणाऱ्या झॅम्पसारख्या संचात रूटचा पासवर्ड अजूनही रिकामाच येतो. तो संच सरावापुरता आहे, असे बनवणारे स्वतःच सांगतात. पण सरावाचा संच आणि कामाचा संच यांत नेहमी भिंत असतेच असे नाही.

शाळेच्या कपाटातली किल्ली

आपल्या शाळेत असा डेटाबेस कुठे आहे, असे वाटेल. कार्यालयातल्या संगणकावर दाखले काढणारा, फीच्या पावत्या करणारा किंवा ग्रंथालय सांभाळणारा प्रोग्रॅम असेल, तर त्याच्या पोटात बहुधा डेटाबेस असतोच. त्यात मुलांची नावे, जन्मतारखा, जाती, पालकांचे दूरध्वनी असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी वेगळी तरतूद आहे आणि माहिती राखण्यात हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

करायचे काम थोडे आहे. प्रोग्रॅम बसवून देणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: 'प्रशासकाचा पासवर्ड आयता आहे की बदलला आहे?' आयता असेल, तर आधी साठ्याची एक प्रत काढून घ्यावी. प्रोग्रॅमसाठी बेताच्या अधिकाराचे वेगळे खाते करून घ्यावे आणि त्याच्या फाइलमध्ये त्याच खात्याचा पासवर्ड घालावा. मग प्रशासकाचा पासवर्ड बदलून सगळी कामे एकदा चालवून पाहावीत. नवा पासवर्ड लांबलचक असावा. तो कागदावर लिहून, पाकीट बंद करून, सही करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा, म्हणजे विसरण्याची भीती राहत नाही. तो दर महिन्याला बदलत बसण्याची गरज नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये असा ठरावीक मुदतीचा बदल अनावश्यक ठरवला. मात्र आयता पासवर्ड पहिल्याच दिवशी गेला पाहिजे आणि तो माहीत असलेला माणूस काम सोडून गेला, तर नवाही बदलला पाहिजे.

या कामाला कार्यालयातून कधी विरोध होतो. पासवर्ड बदलणे म्हणजे आपल्यावर अविश्वास, असे लिपिकाला वाटते. खरे तर गोष्ट उलटी आहे. जनरल रजिस्टरमध्ये एका मुलाची जन्मतारीख एक आणि संगणकावरच्या दाखल्यात दुसरी, असे उद्या आढळले तर पहिला संशय कोणावर जाईल? रोज त्या संगणकावर बसणाऱ्यावरच. प्रशासकाचा पासवर्ड सगळ्या जगाला ठाऊक असेल, तर 'हे मी केले नाही' असे म्हणणाऱ्या प्रामाणिक माणसाजवळ काहीच पुरावा उरत नाही. ज्याच्या त्याच्या नावाचे वेगळे खाते आणि प्रशासकाची पाकिटात बंद असलेली किल्ली हे त्याचे संरक्षण आहे. वहीतल्या खाडाखोडीशेजारी आपण सही का मागतो, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहा. त्यांच्या उत्तरांतून संगणकावरच्या वेगवेगळ्या खात्यांपर्यंत त्यांना सहज नेता येईल.